बारा जिल्ह्यांची गोष्ट आणि जालना जिल्हा

जुन्या शास्त्रार्थाचा एक नियम चांगला होता. समोरच्याचं मत खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचं. म्हणून पूर्वपक्षापासून सुरुवात करतो. तो असा: तेरा ते अठरा वयाची आपली मुलं आज ज्या इंग्रजी भविष्यकथा आणि अद्भुतकथा वाचतात, ती वास्तवाकडे पाठ फिरवण्याची सोय आहे. त्यांत राजवटी कोसळतात, मुलं मुलांना मारतात, ड्रॅगन उडतात, शेवटी प्रेमाचा त्रिकोण सुटतो आणि वाचणारं पोर दहावीच्या अभ्यासाला होतं तिथंच राहतं. या गोष्टी आपल्या मातीतल्या नाहीत, त्या भेसूर आहेत, त्यांत संस्कार नाही आणि साहित्य म्हणावं असंही काही नाही. मुलांना वाचायचंच असेल तर 'श्यामची आई' आहे, 'गोट्या' आहे आणि थोडी मोठी झाली की 'स्वामी' आहे.

हे मत मी जालन्यातल्या आमच्या मस्तगडात निवृत्त गुरुजींकडून ऐकलं, बँकेतल्या साहेबांकडून ऐकलं, आणि वाचनालयाच्या खरेदीची यादी करणाऱ्या एका सज्जनांकडूनही ऐकलं. या पुस्तकांबद्दल सगळ्यात ठाम बोलणाऱ्यांनी त्यांतलं एकही उघडलेलं नसतं, हा माझा अनुभव. वयाने मी त्या पुस्तकांचा गिऱ्हाईक नव्हे, पण गेली काही वर्षं ती चवीने वाचतो आहे. काही आवडली, काही मधेच मिटली. त्या बळावर हा उत्तरपक्ष.

आधी पळवाटेचा आरोप, कारण बाकीचे आरोप त्याच्याच आधाराने उभे राहतात.

नील शुस्टरमन आणि त्यांचा मुलगा जॅरड यांची 'ड्राय' ही कादंबरी २०१८ची. दक्षिण कॅलिफोर्नियात एका दिवशी नळाला पाणी येत नाही आणि मग येतच नाही. वरच्या अंगाच्या शेजारी राज्यांनी कोलोरॅडो नदीचं पाणी अडवलेलं आहे. सोळा वर्षांची अलिसा, तिचा धाकटा भाऊ, आणि शेजारचं एक कुटुंब, जे वर्षानुवर्षं संकटाची तयारी करत आलंय आणि त्यापायी गल्लीत चेष्टेचा विषय झालंय. चार-पाच दिवसांत दुकानांतल्या बाटल्या संपतात, माणसं एकमेकांच्या दाराशी उभी राहतात, आणि कालपर्यंत 'कसं काय' विचारणारा शेजारी कुंपणावरून उडी टाकून येतो. याला कल्पनारंजन म्हणायला माणूस जालन्याबाहेरचा हवा. २०१२-१३च्या दुष्काळात हे शहर टँकरच्या मागे धावलं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव पुरेना, म्हणून आपण पैठणच्या जायकवाडीकडे डोळे लावून बसलो. आणि जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांची भांडणं कोर्टात गेली. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५चा कायदा झाला, मेंढेगिरी समितीने जायकवाडीत साठा किती असावा याचं ६५ टक्क्यांचं सूत्र घालून दिलं, २०१६मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली, तरी पाऊस ओढ देतो त्या वर्षी तोच तमाशा. शुस्टरमन पितापुत्रांच्या पुस्तकात वरची राज्यं आणि खालची राज्यं यांचा वाद पानभरात उरकलेला आहे. इथल्या मुलाला तो पानभरही लागत नाही, त्याला तो पाठ असतो. या कादंबरीचा शेवट मला सोयीचा वाटला, पण मधली दीडशे पानं एखाद्या पाणीप्रश्नाच्या अहवालापेक्षा अधिक खरी आहेत. पाणी गेल्यावर आधी काय सुकतं, तर माणसांतली भीड, हे ती दाखवतात.

'द हंगर गेम्स' २००८ची. तिच्याबद्दल सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं की त्यात मुलं रिंगणात उतरून एकमेकांना मारतात. त्याआधीची चाळीसेक पानं कुणी आठवत नाही. देशाचे बारा जिल्हे, आणि दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची. आता सुझन कॉलिन्सबाईंची खरी करामत पाहा. गरीब घरातलं मूल आपल्या नावाची जास्तीची चिठ्ठी टाकू शकतं. त्या बदल्यात घरातल्या एका माणसाला वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झाल्यात आणि तिच्या मित्राच्या बेचाळीस. नशिबाचा खेळ सगळ्यांना सारखा असतो असं सरकार सांगतं, आणि भुकेने आकडा फिरवून ठेवलेला असतो. रेशनच्या दुकानात यंत्रावर आजीचा अंगठा उमटला नाही म्हणून जी मुलगी रिकामी पिशवी घेऊन घरी आली आहे, तिला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. उलट ती आपल्याला समजावून सांगेल.

तिसरं उदाहरण पाओलो बासिगालुपी यांच्या 'शिप ब्रेकर'चं. हिला २०११मध्ये अमेरिकेतलं किशोर साहित्याचं मानाचं प्रिंट्झ पारितोषिक मिळालं. समुद्राची पातळी वाढून शहरं बुडालेली, आणि किनाऱ्यावर अडकलेल्या जुन्या तेलवाहू जहाजांच्या पोटात शिरून तांब्याच्या तारा ओढून काढणारी मुलं. नेलर या मुलाची धास्ती साधी आहे: अंग वाढलं की आपण नळ्यांत मावणार नाही आणि काम जाईल. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत देशोदेशीचं भंगार वितळून त्याची सळई होते, सबंध महाराष्ट्राची घरं त्या सळईवर उभी राहतात. भंगार कुठून येतं, ते कोण वेचतं, कोणाच्या फुप्फुसांत त्याची धूळ जाते, हे प्रश्न या गावातल्या किती मराठी पुस्तकांनी विचारले? एका अमेरिकी माणसाने ते चौदा वर्षांच्या वाचकासाठी विचारले, आणि आपण म्हणतो ही पळवाट.

पळवाटच शोधायची तर ती मोठ्यांच्या कपाटात सापडते. 'स्वामी' (१९६२) मलाही प्रिय आहे. पण पेशव्यांच्या वाड्यातल्या समया, शालू आणि सुस्कारे यांत दुपारच्या दुपारी घालवणाऱ्या वाचकाला कुणी पळपुटा म्हणालेलं ऐकलं नाही. भूतकाळात गेलं की ते अभिरुचीचं, भविष्यकाळात गेलं की ते पलायन, हा न्याय कुठला? उलट माघारी जाणाऱ्याला सगळं ठरलेलं मिळतं. पुढे जाणाऱ्याला आजच्या प्रत्येक गोष्टीचं काय होईल, याचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मराठीत मांडला गेलेला आहे, आणि तो चुकलाही नाही. जयंत नारळीकरांची 'पुत्रवती भव' ही कथा मुलगाच व्हावा याची सोय विज्ञानाने करून दिली तर समाजाचं काय होईल, हे विचारते. गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा राज्याचा कायदा १९८८चा आणि केंद्राचा १९९४चा. आणि २०११च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. कथा वाचून कुणी दवाखाने बंद केले नसते, हे मान्य. पण वास्तवाचं भान कोणाला होतं, कथाकाराला की त्याला 'विज्ञानाचे प्राध्यापक, लिहितात अधूनमधून' म्हणणाऱ्या समीक्षकांना?

आता भेसूरपणाचं. हे मुलांना झेपणार नाही म्हणणाऱ्यांना मी फक्त चिलयाची आठवण करून देतो. श्रियाळ राजाच्या दारी अतिथी आला, त्याने मुलाचं मांस मागितलं, आणि चांगुणेने पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडलं. ही गोष्ट आपल्या आज्यांनी शिवलीलामृताच्या निमित्ताने चार-पाच वर्षांच्या पोरांना सांगितली, ओव्या म्हणून सांगितली. सोळा वर्षांच्या अभिमन्यूला चक्रव्यूहात कोंडून महारथींनी मिळून मारलं, हे आपण दुसरीतल्या मुलाला सांगतो. वाजश्रवसाने रागाच्या भरात नचिकेताला मृत्यूला देऊन टाकलं, त्याला तर आपण उपनिषद म्हणतो. या कथांत मुलं मोठ्यांच्या हट्टापायी, मोठ्यांच्या युद्धापायी, मोठ्यांच्या व्रतापायी मरणाच्या दारात उभी राहतात. कॉलिन्सबाईंच्या रिंगणातही तेच आहे. फरक असलाच तर हा, की चिलया शेवटी जिवंत होऊन धावत येतो आणि मालिकेच्या शेवटी मारली गेलेली कॅटनिसची बहीण येत नाही.

'द हंगर गेम्स' मालिकेतला तिसरा भाग, 'मॉकिंगजे' (२०१०), बहुतेकांना रटाळ वाटतो. मला तो तिन्हींत श्रेष्ठ वाटतो. कारण त्यात बंड यशस्वी होत असतानाच बंडाचं नेतृत्व जुन्या राजवटीचे डावपेच उचलतं आणि मुलांच्या मृत्यूचा प्रचारासाठी वापर होतो. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला 'आपल्या बाजूचेही खोटं बोलतील' हे सांगायला धैर्य लागतं. आपल्या किती कुमार-कादंबऱ्यांत आपल्या बाजूचा नेता खोटं बोलला आहे? मार्च २०२५मध्ये आलेल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'मध्ये कॉलिन्स त्याहून पुढे गेल्या. मूठभर लोक पुष्कळांवर इतक्या सहज राज्य कसं करतात, या डेव्हिड ह्यूम यांच्या प्रश्नापासून त्या निघतात. रिंगणात जे घडलं आणि पडद्यावर जे दाखवलं गेलं, यांतली कात्री हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. दिवसभर मोबाइलवर कापलेल्या-जोडलेल्या चित्रफिती पाहणाऱ्या पिढीला याहून नेमका नागरिकशास्त्राचा धडा मला ठाऊक नाही. संस्कार संस्कार म्हणतात तो हाच की. 'श्यामची आई' (१९३५) आईचं का ऐकावं हे शिकवते, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते शिकवायलाच हवं. सोळाव्या वर्षी प्रश्न बदलतो: कोणाचं ऐकू नये?

राहिला परकेपणा. इथे मला हसू येतं, कारण हा आरोप जालना जिल्ह्यात बसून केला जातो. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल १६०८. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला हा मुलगा. किशोर-कादंबरीला याहून चांगला नायक कुठून आणणार? पण मुद्दा त्यांच्या चरित्राचा नाही, रचनांचा आहे. 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' या प्रकरणांत त्यांनी उद्ध्वस्त मुलखाचं चित्र काढलं: पाऊस नाही, धान्य नाही, राज्यकर्ता लुटतो, माणसं देशोधडीला लागतात. आणि 'आनंदवनभुवनी'त स्वप्नात दिसलेला पुढचा काळ मांडला, जिथे अन्याय करणारे बुडाले आहेत. एकीकडे बिघडलेल्या जगाचं दर्शन, दुसरीकडे घडायच्या जगाचं. हाच व्यवहार आज इंग्रजीत वेगळ्या नावाने विकला जातो. त्याच्याही मागे जायचं तर भागवताच्या बाराव्या स्कंधातलं कलियुगवर्णन काढून पाहा. अवर्षण, करांचा बोजा, राजे चोरांसारखे, लोक डोंगररानांत पळून गेलेले. भविष्यकाळाचं क्रियापद वापरून वर्तमानाला चिमटा काढायची रीत आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही.

छापील काळातही हा धागा तुटलेला नव्हता. १८६१मध्ये 'मुक्तामाला' आली, त्याच दशकात 'मंजुघोषा' आली, आणि त्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकांनी अधाशासारख्या वाचल्या. 'केरळ कोकीळ' मासिकाने १९००मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठी वाचकांना घडवली. मग हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादाचा दरारा बसला. हरिभाऊ थोर होते. त्यांच्या नंतरच्या टीकाकारांनी मात्र त्यांच्या थोरपणाची काठी करून अद्भुताला झोडपलं. 'वास्तव म्हणजे गंभीर, अद्भुत म्हणजे बाष्कळ' ही शिस्त तेव्हा लागली, आणि ती आपण भरतमुनींच्या काळापासूनची समजून बसलो. भरतांनी तर अद्भुताला रसांच्या पंगतीत ताट वाढून बसवलं होतं, विस्मय हा त्याचा स्थायीभाव. पंगतीतून उठवलं ते आपण.

भा. रा. भागवतांनी ते ताट पुन्हा मांडलं. १९५१मध्ये 'बालमित्र' मासिक काढलं, व्हर्नला मराठी पोरांच्या घरात आणलं, 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशी नावं देऊन तो परका राहणारच नाही याची काळजी घेतली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे गृहस्थ म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून बसलेले नारळीकर. 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबऱ्या आमच्या पिढीने रात्री जागून वाचल्या. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा मराठीने विज्ञानकथेला उशिरा का होईना उंबरठ्याच्या आत घेतलं.

परकेपणाच्या आरोपाला आणखी एक उत्तर आहे आणि ते या नव्या पुस्तकांतच आहे. त्यांतली जी मला खरोखर मोठी वाटली, ती न्यूयॉर्क-लंडनच्या मधोमध उभं राहून लिहिलेली नाहीत. चेरी डिमलीन यांच्या 'द मॅरो थीव्ज'मध्ये (२०१७) सगळं जग स्वप्नं पाहणं विसरलेलं आहे. स्वप्नं उरली आहेत ती कॅनडातल्या मूळनिवासींच्या हाडांत, आणि त्यासाठी त्यांची शिकार चालली आहे. त्या देशाने आदिवासी मुलांना उचलून वसतिशाळांत कोंडलं, त्या इतिहासाचंच हे भविष्यातलं रूप. मोनिक्विल ब्लॅकगूस यांच्या 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ'मध्ये (२०२३) ड्रॅगन आहे, पण खरी झुंज वेगळी आहे: आदिवासी मुलीने आपल्या आजीचं ज्ञान धरून ठेवायचं की साहेबाच्या शाळेतलं रसायनशास्त्र शिकायचं, आणि दोन्ही का नाही? पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलीला हे पुस्तक हातात दिलं तर ते तिला परकं वाटेल, की वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहिलेलं वाटेल? नायजेरियन घरातल्या टोमी अडेयेमी यांनी योरुबा देवदेवतांवर 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (२०१८) उभी केली. तिची कथा मला फार धापा टाकत पळते असं वाटलं, दर दहा पानांवर कुणीतरी शपथ घेतं. पण देवता उसन्या नाहीत.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते नाकारण्यात अर्थ नाही. 'डायव्हर्जंट' (२०११) मला पोकळ वाटली. माणसांची स्वभावावरून पाच गटांत वाटणी करणारं शहर पहिल्या पन्नास पानांत गमतीचं वाटतं, नंतर ते का चालतं याचं उत्तर लेखिकेकडेही नसतं. शुस्टरमन यांच्या 'साइद'ची (२०१६) कल्पना अफलातून आहे: मृत्यूवर मात झालेल्या जगात लोकसंख्या आवरण्यासाठी नेमलेले अधिकृत मारेकरी. पण तिसऱ्या भागापर्यंत ती इतकी पसरते की लेखकालाच कोण कुठे आहे ते आठवेना असं वाटतं. एका गोष्टीचे तीन खंड करण्याचा रोग प्रकाशकांच्या हिशेबाचा आहे. 'फोर्थ विंग'सारखी प्रौढांची प्रणयप्रधान पुस्तकं ड्रॅगन दिसला म्हणून मुलांच्या फळीवर ठेवली जातात, त्यावर पालक चिडले तर ते बरोबरच आहे. वाईट पुस्तकं आहेत, पुष्कळ आहेत. पण वाईट ऐतिहासिक कादंबऱ्या काय कमी निघाल्या? त्यांच्यापायी कुणी इतिहासाला टाकाऊ ठरवलं नाही.

खरा दोष तर अजून कुणी काढलेलाच नाही, आणि तो आपल्या पदरात आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, चांगलं निघतं. ते सुटल्यावर पंधरा-सोळाच्या मुलाने मराठीत काय वाचायचं? बालसाहित्याच्या फळीवरून तो एकदम मोठ्यांच्या फळीवर उडी मारतो, किंवा इंग्रजीकडे जातो, किंवा वाचणंच सोडतो. इंग्रजी माध्यमातली मुलं दुसरा रस्ता धरतात, मराठी माध्यमातली तिसरा. आणि आपण इंग्रजीवाल्यांना नावं ठेवत बसतो, मराठीवाल्यांकडे बघतही नाही.

सामग्री नाही असंही नाही. या जालन्यात १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. बियाण्याच्या कामासाठी त्यांना १९९८चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं, आणि २००२मध्ये देशातलं पहिलं बीटी कापसाचं वाण त्यांच्याच समूहाच्या वाटेने शेतात आलं. ज्या गावाने बीजाच्या आत हात घातला, त्या गावातल्या मुलाला बियाण्यांच्या मालकीवरची भविष्यकादंबरी परकी कशी होईल? १७२५च्या सुमारास बांधलेल्या आमच्या मस्तगडाच्या गढीत एक मोठी विहीर होती, तिच्या पोटात सज्जे आणि दालनं कोरलेली. गॅझेटियरने तिची नोंद करताना ती घाणीने बुजल्याचंही नमूद करून ठेवलं आहे. एखाद्या इंग्रज लेखिकेला असली विहीर मिळाली असती तर तिने पाच भाग काढले असते. आपण तिच्या बाजूने गढीतल्या पालिकेच्या कचेरीत घरपट्टी भरायला गेलो.

तेव्हा मराठी प्रकाशकांना सांगणं एवढंच, की 'ड्राय', 'शिप ब्रेकर' आणि 'द मॅरो थीव्ज' या तिन्हींचे चांगल्या मराठीतले अनुवाद मराठवाड्यातल्या शाळांत खपतील, विचार करा. तरुण लेखकांनी पाणी, भंगार आणि बियाणं हे तीन विषय आमच्या जिल्ह्यातून खुशाल घेऊन जावेत. वाचनालयाच्या खरेदी समितीने पुढच्या यादीत किशोरांसाठी एक वेगळी फळी ठेवावी आणि ती भरताना एखाद्या अकरावीतल्या मुलीला बैठकीला बोलवावं. आणि ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल, त्यांनी अवश्य वाद घालायला यावं. येण्याआधी एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचावं, एवढी एकच अट आहे. 'ड्राय'पासून सुरू करा, ते लवकर वाचून होतं.